आठ वाजून दहा मिनिटांनी विझणारा डबा

मी भिंतीत बसवलेला, आता जुना झालेला वायफायचा डबा आहे, आणि तुम्ही मला आवडत नाही. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. आजवर माणसांनी माझ्याकडे मान वळवून पाहिले ते फक्त शिव्या द्यायला. सगळे सुरळीत चालले की मी भिंतीचा भाग, आणि जरा काही अडले की सगळ्यात आधी माझा उद्धार. यंत्राला कान-डोळे कुठले, असे मधेच विचारू नका. शाळेत तुम्ही फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त लिहिले, तेव्हा तिला हात कुठले असे गुरुजींनी विचारले होते का? मग मुकाट्याने वाचा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. माझ्या आधी शंभर निघाले आणि माझ्यानंतर शंभर. मी तळहाताएवढा, पांढरा, पुढून सपाट आहे. माझ्या पाठीला एकच केबल लागते. त्याच केबलमधून मला इंटरनेट मिळते आणि वीजही तिच्यातूनच येते. हे नीट लक्षात ठेवा, कारण या गोष्टीतले शहाणे नेमके हेच विसरले. माझ्या पोटावर एक बारीक दिवा आहे. जागा होताना तो पांढरा लुकलुकतो, कामाला लागलो की निळा होऊन स्थिर राहतो. मला जे काही बोलायचे असते ते एवढ्या दिव्यात भागवावे लागते.

मला ज्या घरात आणले ते दुमजली होते. खाली विजेच्या सामानाचे आणि दुरुस्तीचे दुकान, वर कुटुंब. दुकान थोरल्या भावाचे. त्याला घरात दादा म्हणत आणि गल्लीही दादाच म्हणे, त्यामुळे तो स्वतःला सगळ्यांचाच थोरला समजू लागला होता. वडील गेल्यावर घराची सगळी वायरिंग त्याने एकट्याने नवी केली होती. पाहुणे आले की तो त्यांना आधी बटणांचे बोर्ड दाखवी आणि मग पाणी विचारी.

वरच्या मजल्यावर आई राहात असे आणि सगळ्यात मागच्या खोलीत धाकटी बहीण. बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या हनुवटीवर एक तीळ आहे. खुणांच्या भाषेत माणसाला नाव ठेवायची पद्धत असते. तिचे विद्यार्थी हनुवटीवर बोट टेकवतात आणि तेच तिचे नाव होते. मीही तिला तीळच म्हणतो. या घरात मला त्यातल्या त्यात तीच एक बरी वाटली, तेही तिने मला कधी ओल्या फडक्याने पुसले नाही म्हणून.

तर या तीळला एका शाळेत काम मिळाले होते. शाळा दूरच्या गावात, ऐकू न येणाऱ्या मुलांची. सात मुलांना सोमवार ते शुक्रवार, रात्री आठ ते नऊ, व्हिडिओवरून खुणांच्या भाषेत गणित शिकवायचे. आठचीच वेळ, कारण मुलांच्या आईबापांचे फोन तेव्हा कामावरून घरी येतात. जिन्याच्या वळणावर राउटर होता, पण त्याचा जोर दोन जाड भिंती ओलांडून मागच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून मला बोलावले.

मला बसवायला एक बाई आली. स्वतःची घडीची शिडी खांद्यावर टाकून फिरते म्हणून तिला सगळे शिडीवाली म्हणत. दादाने तिला दारातच अडवले.

"भिंत मी फोडणार," तो म्हणाला. "या घरात माझ्याशिवाय कोणी छिन्नी लावलेली नाही."

"फोडा की. माझे हात वाचले," शिडीवाली म्हणाली. "हा अडॅप्टर मी जिन्यात राउटरशेजारीच लावते. तिथून त्याची वीज केबलमधून वर जाईल."

"जिन्यात लटकलेलं काही चालणार नाही मला. गिऱ्हाइकं येतात-जातात. खाली दुकानाच्या पोटमाळ्यावर माझा बोर्ड आहे, तिथे लावतो. केबल तिथून फिरवून वर आणतो."

"उगाच फेरा पडेल."

"तुम्ही तुमचं वायफाय बघा. करंटचं मी बघतो."

शिडीवाली काही कच्ची नव्हती. तिने विचारले, "तो बोर्ड चोवीस तास चालू असतो ना?"

"चालू नसायला काय झालं? मी बसवलाय तो!" दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्याच्या हातचा बोर्ड बंद असू शकतो का, असे कोणीतरी त्याच्याच घरात उभे राहून विचारत होते. तिने खांदे उडवले आणि माझे खोके उघडले.

भिंत फोडली, लोखंडी बॉक्स बसवला, विटांचा चुरा माझ्या नव्याकोऱ्या अंगावर पडला आणि कोणालाही त्याचे काही वाटले नाही. शिडीवालीने केबलच्या आठ तारा रंगाच्या क्रमाने लावल्या, टोकाला क्लिप दाबून बसवली, मला जोडले आणि दोन स्क्रू आवळले. मग ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि फोनवरून माझ्या डोक्यात शिरली. आधी तिने माझा कारखान्यातला पासवर्ड बदलला. माझ्यातला प्रोग्रॅम नवा केला. आजूबाजूच्या अकरा वायफायांचा गोंगाट कुठे कमी आहे ते पाहून मला त्या चॅनेलवर बसवले. आणि शेवटी माझा जोर चक्क कमी केला. मला तो अपमान वाटला. खोली केवढी, त्यात ओरडायचे किती, असे ती तीळला फोनवर लिहून सांगत होती. तिचे खरे होते, म्हणून तर राग जास्त आला.

तीळ माझ्याकडे टक लावून पाहात होती. माझा दिवा निळा झाला तशी तिने हाताने एक खूण केली. शिडीवालीने तीच खूण परत करून दाखवली, चुकली, पुन्हा केली. "चालू" अशी ती खूण होती. जाताना ती "बंद"ची खूणही शिकून गेली. तासाभराच्या कामात तिला एवढा वेळ कुठून मिळाला, मला ठाऊक नाही.

सोमवारी आठला तास सुरू झाला. सात चौकटींत सात पोरे, एकाचे पुढचे दात पडलेले. तीळने एक कागद घेऊन त्याची घडी घातली आणि अर्धा म्हणजे काय ते दाखवले. पोरांनी आपापल्या चौकटीत कागद दुमडले. मी एकूण एक चित्र इमानाने नेले आणि आणले. पाव दाखवायला तिने कागद पुन्हा हातात घेतला आणि मी मेलो.

हो, मेलो. वीजच गेली माझी. खाली दादाने दुकानाचे शटर ओढले आणि मेन स्विच खाली पाडला होता. दुकान बंद म्हणजे मेन बंद, हा त्यांच्या वडिलांच्या वेळचा नियम. दादा तो इतक्या वर्षांच्या सवयीने पाळतो की आपण काही करतोय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पायातली चप्पल काढावी तसे ते. पोटमाळ्यावरचा बोर्ड त्याच मेनवर, अडॅप्टर त्या बोर्डावर, आणि मी त्या अडॅप्टरवर. आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. हे त्याला खरोखरच सुचले नव्हते. त्याच्या बाजूने मी एवढे एकदाच बोलतो. पुन्हा बोलणार नाही.

सकाळी त्याने दुकान उघडले, मेन वर केला आणि मी जिवंत झालो. दिवसभर मी ठणठणीत. मंगळवारी रात्री आठ-दहाला पुन्हा मेलो. बुधवारी सकाळी घरात माझ्या नावाने शिमगा चालला होता.

"यंत्रच भिकार आहे," दादा म्हणाला. "माझ्या फोनवर चालतंय, आईच्या फोनवर चालतंय. आमचं राउटरवर नीट चालतं, मग हिचंच का बंद पडतं?"

"तिला नीट वापरता येत नसेल," आई म्हणाली. आई मनाने वाईट नाही. पण दादा बोलला की तिला होकार द्यायची सवय लागली आहे.

शिडीवालीला बोलावले. ती दुपारी आली. दुपारी मी अर्थातच निळाशार. तिने सगळे तपासले आणि म्हणाली, "याला काही झालेलं नाही. मला खालचा अडॅप्टर बघू द्या."

"माझ्या बोर्डात बघण्यासारखं काही नाही. खराब माल गळ्यात मारायचा आणि वर माझ्या कामात खोड काढायची? शुक्रवारपर्यंत चाललं नाही, तर हा डबा भिंतीतून उपटून तुमच्या हातात देतो."

उपटून! मी असहाय डोळ्यांनी, म्हणजे असहाय दिव्याने, तिच्याकडे पाहिले. तिने ओठ चावले आणि शिडी उचलली.

त्याच दुपारी मुख्याध्यापिकांचा निरोप आला. तो माझ्यातूनच गेला, म्हणून मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. तुमचं शिकवणं चांगलं आहे, पण पोरं रोज रिकाम्या पडद्यासमोर बसून राहतात. शुक्रवारपर्यंत एक तरी तास पूर्ण झाला पाहिजे. नाहीतर मला सोमवारी दुसरी बाई बघावी लागेल. तीळने तो तीन वेळा वाचला. दादाच्या दुकानात बसून वायरींच्या गुंडाळ्या करण्यापलीकडे तिला या घरात आजवर कोणी काम दिले नव्हते, आणि ही नोकरी गेली तर तिला पुन्हा तिथेच जाऊन बसायचे होते.

बुधवारी रात्री ती जिन्यात राउटरजवळ जाऊन बसली. पुढचे मला राउटरने सांगितले. जिन्यात पिवळा मंद दिवा, त्यात तिचे हात पोरांना दिसेनात. पोरे डोळे बारीक करून बघत राहिली. मग दादा दुकान बंद करून वर आला आणि तिला ओलांडून जाताना त्याचा पाय फोनला लागला. "जिना काय बसायची जागा आहे?" तो म्हणाला आणि पुढे गेला. तास तिथेच संपला.

गुरुवारी तीळ पुन्हा खोलीत बसली. आठ-दहा झाले. मी जिवंत. सव्वाआठ, साडेआठ, मी जिवंतच. खाली एक गिऱ्हाईक पंख्यावरून दादाशी हुज्जत घालत होते आणि दुकान उघडे होते. तीळने पोरांना पाव शिकवला आणि पाऊण शिकवला. आठ-चाळीसला तिचे हात एकदम थांबले. तिने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिले. ती अनवाणी होती. शटर खाली आले की वरची फरशी थरथरते; ऐकणाऱ्या माणसांना त्या खडखडाटाची इतकी सवय झालेली की त्यांच्या कानावर तो येऊनही येत नाही. तिच्या तळव्यांना मात्र तो रोज कळत होता. सोमवारी कळला, मंगळवारी कळला. तिने झटकन मान वर करून माझ्या दिव्याकडे पाहिले आणि पाहातच राहिली. मी तिच्या डोळ्यांदेखत विझलो.

शुक्रवारी सकाळी मी जागा झालो तेव्हा खोली रिकामी होती. ती दुकानात दादासमोर उभी होती. अडॅप्टर पोटमाळ्यावरून सगळे बघत होता, त्याच्याकडून मला कळले. तिने शटरकडे बोट केले, मेनकडे केले, मग वर माझ्या दिशेने. फोनवर लिहून त्याच्या नाकासमोर धरले: तू मेन बंद करतोस, तेव्हा माझं बंद पडतं.

दादाने वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. वीस वर्षे विजेचे काम केलेला माणूस, एका क्षणात त्याच्या डोक्यात उजेड पडला. मला वाटले, आता हा कपाळावर हात मारून घेईल. त्याने छाती पुढे काढली.

"मग? रात्रभर करंट चालू ठेवून दुकान जाळू? बाबांनी कधी ठेवला होता?"

तीळने लिहिले: मेन बंदच कर. फक्त अडॅप्टर जिन्यात लावून दे. दहा मिनिटांचं काम आहे.

"म्हणजे ती शिडीवाली पहिल्या दिवशी म्हणाली तेच!" तो आईकडे वळला. "उद्या गल्लीभर सांगत सुटेल, दादाला साधा अडॅप्टर कुठे लावायचा ते कळत नाही. मी केलेलं काम मी उखडणार नाही."

"अरे, तिची नोकरी जाईल," आई म्हणाली.

"जाऊ दे. चार हातवारे करायची कसली नोकरी! इथे वायरी कोण गुंडाळणार मग?"

आईने तिच्या अर्ध्यामुर्ध्या खुणांनी तीळला एवढेच सांगितले की दादा रागावलाय. गरज नव्हती. तीळने ओठांवरून सगळे वाचले होते.

आता नीट ऐका, कारण तुमच्यातले निम्मे दादासारखेच आहेत. चूक झाली म्हणून मला राग नाही. दहा मिनिटांत मिटणारी चूक कळूनही तो ती जपून बसला, बहिणीची नोकरी पणाला लावून, याचा आहे. तो राग अजून गेलेला नाही.

दुपारी दादा एका गिऱ्हाइकाकडे कामाला गेला, दुकानाला नुसते कुलूप लावून; मेन तो फक्त रात्री पाडतो. आईने दुसरी किल्ली आणून तीळच्या पुढ्यात ठेवली. "मी गच्चीवर कपडे काढायला चाललेय," ती भिंतीला उद्देशून, म्हणजे मला उद्देशून, म्हणाली. "मला काही दिसलेलं नाही." जन्मात पहिल्यांदा ती बाई माझ्याशी थेट बोलली.

शिडीवाली तीळचा निरोप मिळताच आली. तिने शिडी धरली आणि वर चढायला तीळला सांगितले. "भांडण तुमच्या घरचं आहे, हात तुमचाच लागू दे," ती तोंड तिच्याकडे करून सावकाश म्हणाली. तीळ लहानपणी वडिलांना पकड-पाने उचलून द्यायची. तिचे हात काही परके नव्हते. तिने अडॅप्टर काढला, त्याच्या जागी केबलची दोन टोके बोटाच्या पेराएवढ्या जोडणीने एकमेकांत जोडली, आणि अडॅप्टर जिन्यात राउटरशेजारी लावून केबल सरळ रेषेत आवळली. दादाच्या बोर्डाला ओरखडाही आला नाही. मी दोन मिनिटे मेलो आणि परत आलो. एवढ्यांदा मरून उठल्यावर कौतुकाचा एखादा शब्द येईल असे वाटले होते. दोघी चहा प्यायला निघून गेल्या.

रात्री आठला सात चौकटी उघडल्या. आठ-दहाला फरशी थरथरली. तीळचे हात हवेत थबकले. माझा दिवा निळाच राहिला. तिने एक श्वास सोडला आणि पुढचे उदाहरण घेतले.

दादा मेन पाडून जिन्याने वर येत होता. वळणावर त्याला अडॅप्टर दिसला. राउटर सांगतो की त्याने प्लग मुठीत धरला होता. तो उपटला असता तर सगळेच संपले असते. त्याने वाकून केबलची बांधणी पाहिली, क्लिपा पाहिल्या, कुठे बोट दाखवायला जागा आहे का ते शोधले. सापडली नाही. त्याने मूठ सोडली. याला तुम्ही मनाचा मोठेपणा म्हणत असाल तर खुशाल म्हणा, मी म्हणणार नाही.

मग तो वर आला आणि खोलीच्या दारात उभा राहिला. त्याने बहिणीला शिकवताना कधी पाहिले नव्हते. तीळची पाठ दाराकडे होती, पण फोनच्या पडद्यावर तिला मागे तो दिसला. दात पडलेल्या पोरालाही दिसला. त्याने खुणेने विचारले, 'मागे कोण?'

'माझा भाऊ,' तीळने सांगितले आणि अंगठ्याने मागे दाखवले. 'त्याला आपली भाषा येत नाही.'

पोराला नवल वाटले. 'तुमच्या घरी नवीन आलाय का?'

'नाही. एकतीस वर्षं एकाच घरात आहोत.'

बहीण आपल्याकडे बोट करून मुलांना काहीतरी सांगते आहे, एवढे दादाला दिसले. आपली ओळख करून देते आहे, झाले गेले विसरली, असे त्याला वाटले असावे. त्याने केस सारखे केले, हसला आणि कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवला. सातही पोरांनी हात हलवले. तीळने मागे वळून पाहिले नाही. तास बरोबर नऊला संपला, आणि सोमवारपासून तुम्हीच या, असा मुख्याध्यापिकांचा निरोप सव्वानऊला आला.

मित्रांनो, या गोष्टीला चार वर्षे झाली. दादा अजून गिऱ्हाइकांना सांगतो, "बहिणीच्या शाळेतली पोरं मला ओळखतात." आता शेवटी तुम्हाला काहीतरी विनंती करायची असते. माझी काळजी घ्या, धूळ पुसा, असले काही मी मागत नाही. तुमचे फडके तुमच्यापाशी ठेवा. मी चित्रे नेतो आणि आणतो, त्यांचा अर्थ सांगणे माझ्या कामात बसत नाही. तिने त्या रात्री काय सांगितले, ते तुमच्यापैकी कोणीतरी जाऊन त्याला सांगा.